जागा गुणांची, मुदत पैशाची

बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये १०० जागांवर सुरू झालं. तेव्हापासून बारामती-इंदापूरच्या घराघरांत एक समज पक्का बसलाय, की कॉलेज आपल्या दारात आलं म्हणजे आपल्या पोरांना थोडं झुकतं माप मिळणार. मिळत नाही. शंभरातल्या १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती (एमसीसी) भरते. उरलेल्या ८५ जागांवर सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतच्या मुलांचा सारखा हक्क. पूर्वी राज्यात ७०:३० चं प्रादेशिक गणित होतं, ७० टक्के जागा आपल्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के साऱ्या राज्याला; तेही सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं रद्द केलं. माळेगावच्या मुलीला बारामतीत शिकायचं असेल, तर लातूर-नांदेडच्या मुलांच्या पुढे जाऊनच शिकायचं. हे बरोबर आहे. गुणवत्ता यादीत गावकी नसावी.

माझी तक्रार यादी लागल्यानंतरची आहे. यादी गुणांवर लागते आणि जागा टिकते ती मुदतीत पैसे नि कागद उभे करणाऱ्याची.

आधी एक गैरसमज. निकाल लागला की पाहुणे विचारतात, "इंटरव्ह्यू कधी आहे?" एमबीबीएसला मुलाखत नसते. नीट या प्रवेश परीक्षेचे ७२० पैकी गुण, त्यावरचा क्रमांक, तुमचा प्रवर्ग आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम, एवढ्यावर जागा ठरते. ठळक अपवाद पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे एएफएमसीचा. तिथं नीटच्या गुणांवर बोलावणं येतं, मग इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. जागा १४५, त्यात मुली फक्त ३०. मराठी माध्यमातून आलेली पोरं त्या इंग्रजीच्या धास्तीनं अर्जच करत नाहीत. करा. फौजी डॉक्टर व्हायची मनापासून इच्छा असेल तर शंभर किलोमीटरवरचं पुणं लांब नाही, आणि इंग्रजी ही सरावानं येणारी गोष्ट आहे.

बाकी ठिकाणी मुलाखत नाही, हे चांगलंच आहे. बंद खोलीतल्या मुलाखतीच्या आडून खासगी कॉलेजांत काय चालायचं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. कॅपिटेशन फीविरुद्ध राज्याला १९८७ मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नाही. २०१६ पासून नीट आली आणि ती खोली बंद झाली. परत उघडू नये.

आता मुदतीकडे या.

नीट मे महिन्यात होते. निकाल जूनमध्ये. प्रवेशाच्या फेऱ्या साधारण जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. आता हेच महिने आपल्या शिवारात बघा. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याचा सभासद घ्या. ऊस रानात उभा. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होणार, पहिला हप्ता त्यानंतर. मागच्या हंगामाचं बिल सोसायटीनं वळतं करून घेतलेलं. जूनमध्ये खतं, धाकट्याची शाळा, मोठ्याची वसतिगृहाची फी. म्हणजे बारा महिन्यांत हातात सगळ्यात कमी पैसा असतो, नेमका तेव्हाच राज्याच्या प्रवेश फेऱ्या चालवणाऱ्या सीईटी सेलचा निरोप येतो: जागा मिळाली, अमुक तारखेच्या आत मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन हजर व्हा. हातात दिवस चार-सहा. त्यात रविवार. त्यातच कधी गौरी-गणपती.

शासकीय कॉलेजची फी लाख-दीड लाखाच्या घरातली. ती माणूस पाहुण्यांत फिरून, सोनं ठेवून उभी करतो. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती कुठे आठ-दहा लाख, कुठे त्याहून वर. जागा गुणांनी मिळवलेली, राज्याच्याच यादीतून आलेली, आणि चार दिवसांत एवढी रक्कम. नोकरदाराच्या घरात ठेव मोडतात. शेतकऱ्याच्या घरात ठेव रानात उभी असते, ती नोव्हेंबरआधी मोडता येत नाही.

मग बाप बँकेत जातो. शैक्षणिक कर्जाला प्रवेशाचं पत्र लागतं. प्रवेशाच्या पत्राला फी लागते. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं, त्यापुढे तारण मागतात, आणि सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आधीच चढलेला असतो. सगळं जुळलं तरी मंजुरीला आठवडे जातात. मुदत तोवर संपते आणि जागा खालच्या क्रमांकाच्या मुलाला जाते. मुलगी मात्र नापास झालेली नसते. नापास व्यवस्था झालेली असते.

आरक्षित प्रवर्गांना फीची सवलत आहे. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. निर्णय चांगला, मी त्याच्या बाजूनं आहे. पण काही ठिकाणी "आत्ता पूर्ण भरा, शासनाकडून आली की परत घ्या" असं सांगतात. ज्याच्याकडे आत्ता भरायला असते त्याला माफीची एवढी गरजच नसते. सवलत प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर दिसली पाहिजे. सहा महिन्यांनी बँकेत दिसलेली सवलत त्या दिवशीचा प्रवेश वाचवत नाही.

आता अनामत. एमसीसीच्या अखिल भारतीय कोट्यासाठी नोंदणी करताना खुल्या प्रवर्गाला १०,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ५,००० रुपये अनामत द्यावी लागते. अभिमत विद्यापीठांसाठी मात्र २,००,०००. पहिल्या फेरीत जागा नको असेल तर मोकळं होता येतं. दुसऱ्या फेरीत मिळालेल्या जागी रुजू झालं नाही तर अनामत जप्त. शेवटच्या स्ट्रे फेरीतली जागा सोडली तर पुढच्या नीटलाही बसू न देण्याचा नियम आहे. जागा अडवून ठेवणाऱ्यांना चाप हवाच. एक जागा अडली की एक पोर घरी बसतं. पण दोन लाख रुपये ज्याला किरकोळ आहेत त्याला हा चाप बसत नाही. बसतो तो उसनवारी करून पैसे भरणाऱ्याला, नियम नीट न कळल्यामुळे.

आणि एक बारीक गोष्ट, जी गावात कुणी सांगत नाही. अनामत परत येते ती ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात. इंदापूरच्या, भिगवणच्या, निरा-बारामती रस्त्यावरच्या कुठल्याही ई-सेवा केंद्रात ऑगस्टमध्ये डोकावा. मुलगी पडद्याजवळ वाकून कॉलेजांची नावं वाचतेय. बाप खिशातून नोटा काढून टेबलावर मोजतोय. केंद्रवाला आपल्या कार्डावरून रक्कम भरतो आणि रोख गल्ल्यात टाकतो. पावती छापून मिळते, सगळ्यांना हायसं वाटतं. चार-सहा महिन्यांनी परतावा येतो, केंद्रवाल्याच्या खात्यात. माणूस चांगला असला तर फोन करतो. त्याच्याकडे अशा तीसजणांचे पैसे आले असतील तर कुणाचे कुठले हेही त्याला उमगत नाही. म्हणून घरच्याच खात्यातून भरा. आईचं जनधन खातं चालेल, चुलत्याचं चालेल, पण ते पुढचं वर्षभर चालू राहणारं आणि हाताशी असणारं हवं.

पसंतीक्रम भरताना दुसरी चूक होते. "लागणार नाही, पण टाकून ठेवू" म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकतात. यंत्र मनातलं ओळखत नाही. वरच्या पसंतीची जागा लागली की आधीची आपोआप जाते, मागितली तरी परत मिळत नाही. जिथं खरंच जाणार, फी खरंच भरणार, तेवढीच नावं टाका, आणि खऱ्या आवडीच्या क्रमानं टाका. मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघून क्रम उलटा-पालटा करण्यात काही मिळत नाही.

राज्याच्या फेऱ्यांत स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म असतो. तो भरला म्हणजे मिळालेली जागा कायम आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. घाबरलेली घरं पहिल्याच दिवशी तो भरून मोकळी होतात. २०२४ चं आठवा. जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, अमरावती, गडचिरोली, भंडारा, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई इथल्या दहा शासकीय महाविद्यालयांचं उद्घाटन ९ ऑक्टोबरला झालं, तोवर पहिली फेरी होऊन गेली होती. खासगीत महागडी जागा घेऊन ज्यांनी आधीच कायम केली, त्यांना अशा वाढीचा उपयोग काय? फॉर्मवर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या, आणि ज्याच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत प्रवेश झालाय त्याला विचारा.

ही माहिती फुकट मिळत नाही म्हणून दलालांचं फावतं. "मॅनेजमेंटमधून करून देतो", "आतली ओळख आहे" म्हणणारे जुलैत गावोगाव फिरतात, नुसता फॉर्म भरून द्यायला हजारोंनी घेतात. एकच सांगतो. मॅनेजमेंटची, एनआरआयची, अभिमतची, कुठलीही एमबीबीएसची जागा नीटच्या क्रमांकाशिवाय आणि अधिकृत फेरीशिवाय मिळत नाही. रोखीत जागा विकणारा माणूस नसलेली वस्तू विकतोय. त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

कागदांचं तर वर्षभर आधी सुरू करायला हवं. जातीचा दाखला बारामतीच्या प्रांत कार्यालयातून, कारण इंदापूर तालुकाही त्याच उपविभागात येतो. जात वैधता पुण्याच्या समितीकडून. त्याचा प्रस्ताव मुलगा अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जायला हवा. निकाल लागल्यावर धावाधाव केली तर आजोबांच्या शाळेचा दाखला, पणजोबाची महसुली नोंद शोधण्यात ऑगस्ट निघून जातो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपासा. अधिवासाचा दाखला, बारावीचं मूळ गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आरोग्य तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, सगळ्याच्या प्रती काढून ठेवा, कारण मूळ कागद एकदा कॉलेजात जमा झाले की हातात उरतात त्या फक्त झेरॉक्स. एका दाखल्यासाठी एनटी-सी प्रवर्गातून मिळू शकणारी जागा खुल्या यादीत हरवली, अशी घरं या दोन्ही तालुक्यांत शोधायला लांब जावं लागणार नाही.

हे झालं घरानं करायचं. आता सरकारनं करायचं.

पहिलं, फेऱ्या सुरू असेपर्यंत बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक कायमचा मदत कक्ष असावा आणि इंदापूरच्या तहसील कचेरीत त्याचं एक टेबल. फुकट, मराठीतून, रविवारीही उघडं. तिथं बसायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं आनंदानं येतील. ती याच रांगेतून गेलीत.

दुसरं, प्रवेशाच्या दिवशी थोडी रक्कम घ्या आणि बाकीची शंभर दिवसांत भरू द्या. शासकीय कॉलेजात प्रवेश घेतलेला विद्यार्थी पळून जात नाही. एमबीबीएसनंतरच्या एका वर्षाच्या सेवेसाठी सरकार त्याच्याकडून १० लाखांचा बाँड घेतंच. पुढच्या सहा वर्षांच्या विश्वासावर जागा देता, तर तीन महिन्यांच्या विश्वासावर फी का थांबत नाही?

तिसरं, जिल्हा बँकेनं जागा मिळाल्याच्या वाटपपत्रावरच तात्पुरती उचल द्यावी. उभ्या पिकावर पीककर्ज देणाऱ्या बँकेला नीटच्या गुणवत्ता यादीतलं नाव कमी भरवशाचं वाटायचं कारण नाही. कारखान्यांनीही सभासदाच्या मुलासाठी पुढच्या बिलातून कापून घेण्याच्या बोलीवर ऑगस्टमध्ये हात द्यावा. तोडणी वाहतुकीच्या टोळ्यांना दरवर्षी पावसाळ्यात उचल देता येते, मग डॉक्टर होणाऱ्या पोराला का नाही?

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक, एक ठराव आणि एक टेबल लागतं. यंदाचा ऑगस्ट येण्याआधी कारखान्याची, सोसायटीची किंवा बँकेची जी सभा तुमच्या वाट्याला येईल, तिथं उठून हे मागा. आयत्या वेळच्या विषयात मागा, आणि ठराव इतिवृत्तात लिहिल्याशिवाय खाली बसू नका.