अंतऱ्यातला तलाठी

आमच्या तात्यांना साहित्यिक मंडळी 'गीतकार' म्हणतात आणि गाण्यावाले 'कादंबरीकार'. म्हणताना दोघेही किंचित हसतात. संमेलनाला गेले की त्यांची रवानगी कविकट्ट्यावर होते. गाण्याच्या प्रकाशनाला सूत्रसंचालक त्यांना 'ज्येष्ठ कादंबरीकार' म्हणून नारळ देतो, आणि गाण्याबद्दल बोलायला माइक दुसऱ्याकडे जातो.

तात्यांचीही यात सोय आहे. 'कादंबरी कुठवर आली?' असं कुणी विचारलं तर, 'अहो, गाण्यांतून डोकं वर काढायला फुरसत कुठंय?' आणि संगीतकाराचा फोन आला तर, 'सातव्या प्रकरणात आहे, आत्ता मला हलवू नका.' सातव्या प्रकरणात त्यांना आता चार वर्षं झाली.

परंपरा मात्र त्यांच्या जिभेवर असते. 'फकिरा' ज्या हातानं लिहिली त्याच हातानं अण्णा भाऊंनी 'माझी मैना'ची छक्कड लिहिली. गीतरामायणाची 56 गाणी देणाऱ्या गदिमांनी 'आकाशाची फळे' ही कादंबरीही लिहिलीच ना? शान्ताबाई शेळक्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, आणि काही गाणी तर डॉ. वसंत अवसरे या नावानं दिली. यावरून तात्यांनाही एकदा टोपणनाव घ्यावंसं वाटलं होतं. पण आपल्या गाण्यांना मूळ नावसुद्धा कुणी विचारत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो बेत सोडला.

टेबलासमोर फोटो मात्र लेनर्ड कोहेनचा. त्यानं दोन कादंबऱ्या लिहिल्या, दुसरी 1966 साली, आणि पुढच्याच वर्षी गाण्यांची पहिली तबकडी काढली ती काढलीच. 'दोनात दमला बिचारा,' तात्या कणवेनं म्हणतात, 'माझी तिसरी चालू आहे.'

एकदा त्यांच्याबरोबर रेकॉर्डिंगला जायचा योग आला. कोथरूडच्या एका फ्लॅटमधली बेडरूम. भिंतींना फोम चिकटवलेला, पंखा आवाज करतो म्हणून बंद. संगीतकार तिशीचा पोरगा. त्यानं पेटीवर चाल वाजवली, वर 'ललला ललला' म्हणून दाखवलं.

'कोण आहे ही?' तात्यांनी विचारलं.

'कोण?'

'गाणारी. लग्न ठरलंय म्हणालास. वडील काय करतात?'

'तात्या, गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. वडील नकोत.'

पण तात्यांची पिशवी उघडली होती. मुलगी सांगोल्याची; वडील सेवानिवृत्त तलाठी; सातबाऱ्यावरच्या एका जुन्या नोंदीवरून चुलत्याशी बोलणं बंद. अकरा पानं त्यांनी वाचून दाखवली. पोरगा घाम पुसत ऐकत होता. मग म्हणाला, 'छान आहे. दुसऱ्या अंतऱ्यात एक जागा रिकामी आहे. आठ मात्रांची.'

तात्या बोटांवर मोजायला लागले. 'सेवानिवृत्त तलाठी' या शब्दांच्याच तेरा होतात. शेवटी 'बाबा रुसले' एवढ्यावर मिटलं, बरोबर आठ. तीस वर्षांची नोकरी, चुलता, सातबारा, सगळं त्या आठांत.

जाता जाता तात्यांनी कोहेन काढलाच. 'अरे, 'हॅलेलुया'साठी त्यानं ऐंशीच्या आसपास कडवी लिहिली म्हणतात!'

'रेकॉर्ड किती केली?'

'चार.'

पोरानं काही न बोलता हेडफोन चढवला.

बाकीचा तलाठी कादंबरीत गेला. तिथं तो ऐसपैस अडतीस पानं बसलाय. पण गाण्याची सवय तिथंही सुटत नाही. प्रकरण संपत आलं की पहिलं वाक्य परत येतं. मी हस्तलिखित वाचताना सांगितलं, 'तात्या, हे वाक्य तीनदा आलंय.' ते गंभीरपणे म्हणाले, 'ध्रुवपद आहे ते.'

पैशांचं फार विचारू नये. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला आणि चाल-शब्द वाजतील तिथल्या रॉयल्टीवर गीतकाराचा हक्क पक्का झाला, हे तात्या रिक्षावाल्यालाही समजावून सांगतात. पहिली रक्कम आली तेव्हा त्यांनी आम्हाला अमृततुल्यमध्ये नेलं. चौघांचा चहा झाला. क्रीमरोलचे मी दिले.

तरी ते गाणं चाललं, हे खरं. इतकं, की गेल्या मे महिन्यात आमच्याच गल्लीतल्या वरातीत बँडवर लागलं. तात्या गॅलरीत होते. लुंगीवर शर्ट चढवून खाली धावले. मुखडा झाला, तात्यांनी डोळे मिटले. परत मुखडा. नाचणाऱ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. परत मुखडा. चौथ्या खेपेला तात्या गर्दीतून वाट काढत बँडमास्तरपर्यंत पोचले आणि त्यांनी पन्नासची नोट पुढं केली.

'अंतरा घ्या की एकदा. दुसरा.'

मास्तरनं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. 'याला अंतरा हाय?'

नवरदेवाचा घोडा थांबला. मागं जनरेटरची गाडी थांबली, तिच्यामागं पीएमपीची बस. तात्यांनी मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'त्याचं असं आहे, मुलगी सांगोल्याची...'