टीव्हीला कुलूप, गुरुजींना लिंक

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत ४३ इंची टीव्ही आहे. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून डेडस्टॉक रजिस्टरातल्या त्याच्या नोंदीखाली माझी सही आहे. टीव्ही भिंतीवरच्या लोखंडी पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुठं आहे याबद्दल गावात तीन पक्ष आहेत. हेडसर म्हणतात, उद्घाटनाच्या दिवशी सरपंचांनी घेतली. सरपंच म्हणतात, मी फीत कापून कात्री परत दिली, किल्ली डोळ्यांनी पाहिली नाही. तिसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की नारळ, हार आणि किल्ली एकाच ताटात होते, ताट मंदिराचं होतं, तेव्हा किल्ली देवाकडे असावी. माझा ओढा या तिसऱ्या पक्षाकडे आहे.

मुळात कुलूप कशाला, असं मी बैठकीत विचारलं होतं. "चोरी होऊ नये म्हणून," असं उत्तर मिळालं आणि ते इतिवृत्तात नोंदवलंही गेलं. टीव्ही अजून चोरीला गेलेला नाही. उद्घाटनानंतर पोरांनाही तो दिसलेला नाही. चोर कोण आणि विद्यार्थी कोण, हे कुलपाला कळत नाही.

टीव्ही सरकारनं दिला असं मात्र समजू नका. शाळा डिजिटल करा, एवढं सरकारनं दिलं. टीव्ही गावानं दिला. याला लोकसहभाग म्हणतात. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या आमच्या पोरांनी सगळ्यात जास्त वर्गणी पाठवली, आणि ज्यांनी दमडी दिली नाही त्यांचे फोटो गेटवरच्या बोर्डावर सगळ्यात मोठे आले. आमच्याकडे फ्लेक्सच्या बोर्डालाही 'डिजिटल'च म्हणतात. त्यामुळं गेटवर तो लागला त्या दिवशी शाळा डिजिटल झाली, हे अक्षरशः खरं आहे. बोर्डावर २७ चेहरे होते. त्यात एकही मूल नव्हतं आणि टीव्हीही नव्हता.

उद्घाटनाला टीव्ही चालू झाला होता, हे खोटं नाही. वीज शाळेची नव्हती. शाळेचं बिल थकल्यामुळं कनेक्शन तोडलेलं होतं, म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढली होती. पाहुणे जाईपर्यंत गिरणी बंद ठेवली आणि टीव्हीवर माकडाची गोष्ट लागली. पोरं हसली, फोटो निघाले, पाहुणे गेले, गिरणी सुरू झाली. त्या दिवसापासून माकड पेटीतच आहे.

शिकवण्याच्या यंत्रांचं आणि आमच्या शाळेचं नशीब असं पिढीजात आहे. १९१३ साली थॉमस एडिसननं जाहीर केलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं सिनेमाच शिकवेल आणि दहा वर्षांत शाळा ओळखू येणार नाहीत. माणूस हुशार होता, पण त्यानं कधी मार्चअखेर पाहिला नव्हता. १ ऑगस्ट १९७५ला आपल्याकडे 'साईट'चा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. वर्ष संपलं, उपग्रह गेला. २००४ साली खास शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' आकाशात सोडला. तो वर व्यवस्थित गेला. अडचण नेहमी खालीच असते.

बालचित्रवाणी मात्र आपली, पुण्याची, १९८४ची. तिचे टीव्हीवरचे कार्यक्रम खरोखर गोड असत. आमच्या शाळेत टीव्ही नसल्यामुळं ते बघायचे तर ताप आल्याचं सांगून घरी राहावं लागे, तेही टीव्ही असलेल्या चुलत्यांच्या घरी. माझं जे काही विज्ञान पक्कं आहे ते अशा गैरहजेरीत झालेलं आहे. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. त्याच वर्षी शाळांसाठीचं 'दीक्षा' पोर्टल आलं. एका खिडकीतून जुनं बाहेर आणि दुसऱ्या खिडकीतून नवं आत, अशी ही वाहतूक चालू असते; वर्ग मधे बसलेला असतो.

तर हेडसर तीन दिवस तालुक्याला गेले होते. प्रशिक्षणाचा विषय होता, 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर'. सभागृहातला प्रोजेक्टर लॅपटॉपला ओळख देईना. एकानं वायर हलवली, एकानं फुंकर मारली, एका जुन्या गुरुजींनी वरून थाप मारून पाहिली (हाच त्या तीन दिवसांतला एकमेव प्रात्यक्षिक भाग). शेवटी तज्ज्ञ मार्गदर्शकांनी आपल्याच मोबाईलवरून स्लाइड वाचून दाखवल्या आणि सगळ्यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. 'पारंपरिक व्याख्यान पद्धतीचे तोटे' ही स्लाइड जेवणानंतर आली. निम्मं सभागृह तोटे अनुभवत होतं.

हजेरी लिंकवर, चहापूर्वीची चाचणी लिंकवर, अभिप्राय लिंकवर. अभिप्रायात 'उत्कृष्ट' आणि 'अतिउत्कृष्ट' असे दोनच पर्याय होते आणि तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र उतरत नव्हतं. हेडसर प्रामाणिक माणूस आहेत. त्यांनी 'उत्कृष्ट'च निवडलं.

हेडसर तिकडे तंत्रज्ञानाचा वापर शिकत असताना तो इकडे होत होता. शाळा पहिली ते पाचवी, गुरुजी दोन. एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. धाकट्या सरांनी पहिली ते तिसरीला व्हरांड्यात पाढे लिहायला बसवलं आणि चौथी-पाचवीच्या १४ पोरांना भोवती घेतलं. मी पोषण आहाराच्या तांदळाचा साठा बघायला गेलो होतो, तो तिथंच थांबलो. पाठ चंद्रकलांचा होता.

चंद्रकला खडूनं फळ्यावर शिकवून बघा. आठ वर्तुळं काढायची, अर्धी घासून टाकायची, आणि तरी पोरांना वाटतं की चंद्राला कुणीतरी रोज थोडा चावतं. इथं हलतं चित्र खरंच कामाचं. सरांनी खिशातून मोबाईल काढला: स्वतःचा, काचेला तडा गेलेला, रिचार्जही स्वतःचा. त्या वीतभर उजेडाभोवती १४ डोकी जमली.

सरांनी चित्र सुरू केलं आणि २० सेकंदांत थांबवलं. "आता चंद्र इथं गेला की आपल्याला केवढा दिसंल?" प्रत्येकानं पाटीवर काढलं. सात जणांचं चुकलं. मग चित्र पुढं सरकलं, आणि ज्यांचं चुकलं त्यांच्या तोंडून "आऽऽ" असा जो आवाज निघाला तो मी बऱ्याच वर्षांत कुठल्या वर्गात ऐकला नव्हता. डी.एड.ला जे शिकवतात ते एवढंच असावं: कुठं थांबवायचं. सलग दाखवला असता तर तो सिनेमा झाला असता. पोरं गप्प बसली असती आणि आपण त्याला शिस्त म्हटलं असतं.

चंद्र अष्टमीला आला तेवढ्यात त्याच्यावरून एक पांढरी पट्टी खाली आली. पुढच्या रांगेतल्या पोरीनं ती खणखणीत वाचली, "अतितात्काळ. आजची पोषण आहाराची माहिती न भरलेल्या शाळांची यादी." सरांनी बोटानं पट्टी सरकवली. चंद्र पुन्हा दिसला. दुसरी पट्टी. दुसऱ्या पोरानं वाचली, "आधार न जुळलेल्या विद्यार्थ्यांची माहिती आज १२ पर्यंत. विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील." तिसरी पट्टी येईपर्यंत पोरांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. माझ्यासमोर अर्ध्या तासात नऊ पट्ट्या आल्या. चंद्रकला कितपत कळल्या ते परीक्षेत दिसेल, पण प्रकट वाचन उत्तम झालं. शेवटच्या बाकावरचा एरवी न बोलणारा मुलगासुद्धा 'निरंक अहवाल सादर करावा' एका दमात म्हणाला आणि मग त्यानं विचारलं, "सर, निरंक म्हंजी अमावस्या का?"

सर हसले. मग फोनच वाजला, कुठल्या तरी पोर्टलचा ओटीपी मागायला, आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर गेली.

शाळेत तंत्रज्ञान चालत नाही असं कोण म्हणतं? चालतं, अहोरात्र चालतं. फक्त खालून वर चालतं. पोरांची माहिती वर जाते, ताटातली खिचडी वर जाते, झाड लावलं की झाडाचा फोटो अक्षांश-रेखांशासकट वर जातो. नोव्हेंबर २०१६मध्ये तर सरकारनं ठरवलं होतं की जानेवारीपासून दर सोमवारी गुरुजींनी दहा-दहा पोरांच्या घोळक्याबरोबर सेल्फी काढून 'सरल' या पोर्टलवर चढवावी, म्हणजे शाळाबाह्य मुलं कळतील. जो मुलगा शाळेत येत नाही तो सेल्फीत कसा येणार, हा प्रश्न कुणीतरी विचारला असावा. शिक्षकांनी विरोध केला आणि ते बारगळलं. मला थोडं वाईट वाटलं. पट ६००चा असता तर सोमवारी ६० सेल्फी झाल्या असत्या, आणि बुडालेला गणिताचा तास गुरुजींच्या चेहऱ्यावर तेवढा नोंदला गेला असता.

ज्यांनी खरं काम केलं त्यांची नावं न घेणं अन्यायाचं होईल. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले ते पोरांनी घरी धडा पुन्हा ऐकावा म्हणून. त्यांना शाळा मिळाली तेव्हा ती गोठ्याला लागून होती. २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले, तर गड्यानं अर्धे अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. पुढं २०२२ साली त्यांच्या अमेरिकेतल्या फेलोशिपच्या रजेवरून बरीच वर्तमानपत्रं भरली. रजेचा अर्ज स्कॅन करायला अजून कोड निघालेला नाही.

आम्ही त्यांच्याकडून काय उचललं? चौकट. आज पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो. आमच्या पाचवीतल्या एका पोरानं त्या चौकटीतले काळे ठोकळे रंगवून पुरे केले आणि त्याला चित्रकलेत 'अ' मिळाला. घरी मोबाईल नाही असं नाही. २०२४च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के पोरांना स्मार्टफोन वापरता येतो असं आढळलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हे आकडे मी बैठकीत वाचून दाखवले तेव्हा अर्धी समिती रील बघत होती.

युनेस्कोनं २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जाडजूड अहवाल काढला. हे साधन कुणाच्या अटींवर वापरायचं, असा प्रश्न त्याच्या नावातच आहे. आणि त्याचा उपयोग होतो याचा निःपक्षपाती पुरावा फारसा हाती नाही, असंही त्यांनी लिहून टाकलं. युनेस्कोला हे कळायला जगभर फिरावं लागलं. आमच्या धाकट्या सरांना अटी पट्टीवर वाचायला मिळतात.

तेच सर पोरांचं वाचन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवतात. स्वतःचं अडखळणं ऐकलं की पोरगं लाजतं आणि दुसऱ्यांदा नीट वाचतं. याला ना टीव्ही लागतो, ना नेट, ना उद्घाटन. उलट 'बीज कसे रुजते' हा व्हिडिओ दाखवायची वरून सूचना आली तेव्हा त्यांनी पोरांना शाळेमागच्या मुगाच्या शेतात नेलं आणि दोन रोपं मुळासकट उपटून दाखवली. शेत माझं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'व्हिडिओ दाखविला काय?' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं, म्हणून त्यांच्याकडून खुलासा मागितला गेला. खुलासाही लिंकवरच भरायचा होता. त्यात रोपाचा फोटो जोडायची सोय नव्हती; पीडीएफच लागत होती.

पुढचं प्रशिक्षण दिवाळीनंतर आहे, विषय कृत्रिम बुद्धिमत्ता. हेडसरांनी नाव नोंदवलंय. त्यांना एकच विचारायचंय: नऊ पट्ट्यांना ती परस्पर उत्तरं देईल का? देत असेल तर ते वर्गात जायला तयार आहेत.

ग्रामपंचायतीनं परवा शाळेचं थकलेलं वीजबिल भरलं आणि वायरमन जोडणी करून गेला. मार्चपर्यंत वीज आहे. तेव्हा गावकऱ्यांना विनंती: लहानशी पितळी किल्ली, लाल दोऱ्यात ओवलेली, कुणाच्या ताटात, पेटीत किंवा देव्हाऱ्यात सापडली तर शाळेत आणून द्यावी. धाकट्या सरांकडे द्यावी. हेडसर सापडतीलच असं नाही.