फरक स्पष्ट करा

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये ग्रीक पुराणकथांचा धडा अनेकदा बुटांपासून सुरू होतो. नायकी ही विजयाची पंखवाली देवता. व्हर्साचेच्या चिन्हावर मेडुसा. स्टारबक्सच्या पेल्यावर सायरन. मुलं पटापट जोड्या लावतात, खूश होतात आणि तास संपतो. माझी तक्रार आहे ती तास इथेच संपतो याबद्दल. बुटापासून सुरुवात करायला माझी काहीच हरकत नाही.

जोड्या लावून मुलाला कळतं काय? तर नावं जुनी आहेत, एवढंच. ग्रीक मातीच्या भांड्यांवर सायरन दिसते ती पक्ष्याच्या धडाची, बाईच्या तोंडाची. तिला माशाची शेपटी नंतर आली. ती का आली, गाण्याने खलाशांना मरणाकडे ओढणारी ही बाई कॉफी विकायला कशी उभी राहिली, हे विचारलं तर धडा सुरू होतो. ओळख पटवणं म्हणजे शिकवणं नव्हे.

2004 सालचा ‘ट्रॉय’ घ्या. ब्रॅड पिट अकिलीस झाला होता तो. या सिनेमात हेक्टर मेनेलॉसला मारतो आणि ट्रॉय जळत असताना ब्रायसिस ॲगमेम्नॉनला भोसकते. मेनेलॉस आणि ॲगमेम्नॉन, दोन्ही भाऊ तिथेच खलास. होमरकडे मात्र मेनेलॉस हेलनला घेऊन सुखरूप घरी जातो. ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस बापाचा पत्ता विचारायला स्पार्टात येतो, तेव्हा त्याचं आदरातिथ्य करायला हे दोघं नवराबायको हजर असतात.

ॲगमेम्नॉनचं प्रकरण तर फारच मोठं. गलबतांना वारा मिळावा म्हणून त्याने पोटची पोर, इफिजेनिया, बळी दिलेली असते. युद्ध जिंकून तो घरी येतो, तेव्हा बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला न्हाणीघरात मारते. मग मुलगा ऑरेस्टिस बापाचा सूड म्हणून आईला मारतो. रक्ताला रक्त, त्याला पुन्हा रक्त. हे थांबायचं कुठे? इस्किलसने इसवी सनपूर्व 458 मध्ये यावर तीन नाटकांची मालिका रंगमंचावर आणली आणि शेवट केला तो अथेन्सच्या न्यायसभेत. मतं समसमान पडतात आणि अथीनाच्या कौलाने ऑरेस्टिस सुटतो. सूडाच्या जागी खटला आला.

सिनेमाने ॲगमेम्नॉनला ट्रॉयमध्येच मारून हे सगळं कापून टाकलं. कारण प्रेक्षकाला खलनायक त्याच रात्री मेलेला हवा. मुलांपुढे हे दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवा आणि आपल्या शाळेतला जुना प्रश्न विचारा: फरक स्पष्ट करा. एका प्रश्नात इस्किलसही येतो, हॉलीवूडही येतं.

डिस्नेच्या 1997 च्या ‘हर्क्युलिस’मध्ये हेरा ही त्याची प्रेमळ आई. मुळात तो झ्यूस आणि अल्कमिनी या मर्त्य बाईचा मुलगा, आणि हेराने त्याच्या पाळण्यात साप सोडले. तिनेच पाठवलेल्या वेडाच्या भरात त्याने स्वतःची मुलं मारली. प्रचलित कथेत त्याची बारा कामं हे त्याचंच प्रायश्चित्त. हे लहान मुलांच्या सिनेमात घालता येणार नाही, कबूल. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलालाही तेवढाच हर्क्युलिस माहीत असेल, तर तो दोष डिस्नेचा नाही, वर्गाचा आहे.

‘मूळ कथेची वाट लावली’ म्हणून नाक मुरडणाऱ्या पंडितांनाही विचारायचं आहे, मूळ म्हणजे कोणतं? अकिलीसच्या टाचेची गोष्ट ‘इलियड’मध्ये नाही. लाकडी घोडाही नाही, कारण ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपतं. युरिपिडीसने इसवी सनपूर्व 412 मध्ये चक्क हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती असं नाटक लिहिलं. ती इजिप्तमध्ये होती, ट्रॉयला गेली ती तिची छाया. हेसिअडची मेडुसा जन्मतःच गॉर्गन, म्हणजे राक्षसी. ओव्हिडकडे ती सुंदर मुलगी आहे, देवळात तिच्यावर देवानेच बलात्कार केला आणि शिक्षा तिला झाली. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर लुचियानो गार्बाती या शिल्पकाराची मेडुसा उभी राहिली, कथेत तिचं मुंडकं कापणाऱ्या पर्सियसचंच मुंडकं हातात घेऊन. कथा बदलण्याची परंपरा ग्रीकांचीच आहे.

हे नीट ओळखलं ते रिक रायर्डनने. हा माणूस पूर्वी शाळामास्तर होता. त्याच्या मुलाला वाचताना अक्षरं लागत नव्हती, एका जागी बसवत नव्हतं. झोपताना सांगायच्या ग्रीक गोष्टी संपल्या, तेव्हा बापाने त्याच्यासाठी नवा नायक रचला, पर्सी जॅक्सन. पर्सीलाही अक्षरं नाचताना दिसतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला. त्याची चुळबुळ म्हणजे रणांगणावरची सावधगिरी. वर्गात मागे पडलेल्या मुलाला हे वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करा. पहिलं पुस्तक 2005 साली आलं आणि एका पिढीला ऑलिंपस ओळखीचा झाला.

त्याच रायर्डनच्या नावाच्या मालिकेत 2018 मध्ये रोशनी चोक्शी यांची ‘आरू शाह’ आली. अटलांटातली बारा वर्षांची मुलगी, आणि तिच्या भोवती पांडव. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी तर ही थेट घरचीच गोष्ट.

तुमच्या घरात पर्सी वाचणारं मूल असेल, तर त्याला देवांची नावं पाठ म्हणायला लावू नका. पर्सीचा बाप पोसायडन आणि ‘ओडिसी’तला पोसायडन, दोघांत फरक काय ते विचारा. तिथेही तो बापच आहे, पण आपल्या मुलाचा डोळा फोडणाऱ्या ओडिसियसला घरी पोचू न देणारा. उत्तर आलं नाही, तर ‘ओडिसी’ काढा आणि दोघं मिळून नववा सर्ग वाचा.