चप्पल निसटलेली कळते का?

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत पेशंट आत आला की आमचे सर त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. पेशंटला वाटतं चपला बाहेर काढायच्या राहिल्या. तो ओशाळून दाराकडे वळतो. "वळा, वळा," सर खूश होऊन म्हणतात. पार्किन्सनचा माणूस वळताना सापडतो. तो गर्रकन वळत नाही. जागच्या जागी पाच-सहा बारीक पावलं टाकत, अख्खाच्या अख्खा कपाट सरकवल्यासारखा वळतो.

मग पहिला प्रश्न. "चप्पल पायातून निसटते का?"

"निसटते."

"निसटलेली कळते?"

पेशंट बायकोकडे बघतो. "कुठलं कळतंय!" बायको म्हणते. "परवा शेतातून एकाच पायात घालून आले."

सर आमच्याकडे वळतात. "बघा. वहिनींनी निम्मं निदान केलं. तुम्ही एमडी होऊन काय केलंत?"

चप्पल निसटते आणि निसटलेली कळते, म्हणजे पायाची ताकद कमी झाली. निसटते आणि कळतच नाही, म्हणजे संवेदना गेली. दोन्ही वाटा वेगळ्या, आजार वेगळे. आमची पुस्तकं साहेबाची आणि साहेब बुटातला, त्यामुळे चपलेचा धडा त्यांत नाही. तो सर शिकवतात. फडताळावरचा डबा काढता येत नसेल तर दुखणं खांद्याच्या स्नायूंत. भात कालवता येत नाही, सदऱ्याची बटणं लागत नाहीत, तर बोटांत. उकिडवं बसल्यावर उठताना नळ धरावा लागतो, तर मांड्यांत. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जातो, तर मज्जारज्जूचा मागचा भाग बघा, आणि माणूस शाकाहारी असेल तर बी-ट्वेल्व्हही. सरांच्या हिशेबी मराठी माणसाची सकाळ म्हणजे न्यूरॉलॉजीची पूर्ण तपासणी, तीही फुकट.

असा एक सर बहुतेक मेडिकल कॉलेजांत असतो. पूर्वी जास्त असत. ओळखायची खूण म्हणजे कोटाचा खिसा. त्यातून लांब दांड्याचा क्वीन स्क्वेअर हॅमर डोकावत असतो आणि लिफ्टमध्ये शेजारच्याच्या बरगडीत टोचतो. दुसऱ्या खिशात 128 चा ट्यूनिंग फोर्क, कापूस आणि कॉफी पावडरची डबी. ही डबी प्यायच्या कॉफीची नव्हे. मेंदूतून निघणाऱ्या 12 नसांपैकी पहिली वासाची. ती कुणी तपासत नाही, आणि कागदावर 'नॉर्मल' मात्र सगळे लिहितात. एकदा राउंडला सरांनी विचारलं, "पहिली नस नॉर्मल? कशाचा वास दिलात?" रेसिडेंट रात्रभर जागलेला. म्हणाला, "सर, वॉर्डाचाच." त्या दिवसापासून डबी सरांच्या खिशात आहे.

एमआरआयशी सरांचं वैर नाही, पण एमआरआय आधी बघणं म्हणजे त्यांच्या लेखी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणं. नातेवाइकांनी पाकीट पुढे केलं की सर ते घेतात, खुर्चीवर ठेवतात आणि त्यावर बसतात. लीजन, म्हणजे बिघाड, कुठे आहे हे तुम्ही बोटानं दाखवेपर्यंत उठत नाहीत. एकदा पायांतली ताकद गेलेला एक ड्रायव्हर आला, दोन एमआरआय घेऊन. दोन्ही कंबरेचे, दोन्ही नॉर्मल. सरांनी गुडघ्यावर हॅमर टेकवला. पाय असा उडाला की पुढे बसलेल्या विद्यार्थ्याची वही गेली. तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा वर. म्हणजे दोष वर, मज्जारज्जूत. "कंबरेत शोधताय काय?" सर म्हणाले. "मज्जारज्जू पहिल्या लंबर मणक्यापाशी संपतो. घरमालक वरच्या मजल्यावर, आणि तुम्ही दोनदा जिन्याखाली हाका मारून आलात." पाठीचा एमआरआय केला. गाठ तिथे होती.

एका आजीबाईंच्या कागदावर मी 'डिमेन्शिया' लिहिलं होतं. 1975 सालची अमेरिकेतली प्रश्नावली मी त्यांना इमानानं विचारली होती. शंभरातून सात वजा करत जा, आजी गप्प. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा; आजींनी पेन्सिल उलटी धरली. सरांनी कागद बाजूला सारला. "आजी, कांदा पंचवीस रुपये किलो. दीड किलो घेतला, पन्नासची नोट दिली. परत किती?" आजी म्हणाल्या, "साडेबारा. पन कांदा बगून घ्यावा लागंल, वल्ला आसंल तर वीसनं मागायचा." सर मला म्हणाले, "तुम्हाला सुचलं असतं?" मला वल्ला कांदाही ओळखता येत नाही.

संशोधनाच्या बाबतीत मात्र विद्यापीठाचं आणि सरांचं कधी जमलं नाही. बढतीला शोधनिबंध मोजून लागतात. सरांकडे आहेत बुटांच्या खोक्यांत भरलेली पेशंटांची कार्डं. कुणी टोकलं की ते जेम्स पार्किन्सन काढतात. 1817 सालचा त्याचा कंपवातावरचा निबंध सहा माणसांवर उभा आहे. त्यातले दोघे त्याला रस्त्यात भेटलेले, आणि एक तर नुसता लांबून पाहिलेला. मग मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया. डोळे संथ फिरतात एवढं टिपून त्यांनी तोल जाण्याचा एक आनुवंशिक आजार 1971 साली वेगळा काढला. त्याच वर्षी लंडनला पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. "वाडियांनी मशीनची वाट बघितली नाही," सर म्हणतात. ऐकायला झकास वाटतं, पण त्या दोघांनी लिहून छापलं होतं. सरांची खोकी अजून माळ्यावर आहेत, हा त्यांचा दोषच.

लग्नाला सरांना बोलावताना विचार करावा. आहेराच्या पाकिटावरचं नाव मोठ्या अक्षरात सुरू होऊन शेवटी मुंगीएवढं झालेलं दिसलं की ते पाकीटवाल्याला शोधत मांडवभर फिरतात. अक्षता टाकताना मुलीच्या काकांचा एक हात हलत नाही हे त्यांना भटजींच्या आधी दिसतं. "अहो, जेवा आता," सरांच्या बायको म्हणतात. सर जेवतात, पण काकांच्या समोरची जागा धरून. सोमवारी काका ओपीडीत.

तुमच्यावर कधी त्या ओपीडीत जायची वेळ आलीच, तर एमआरआयचं पाकीट घरी राहिलं तरी घाबरू नका. सर त्यावर बसणारच आहेत. मात्र आधी चार दिवस चपलेकडे लक्ष ठेवा. निसटते का, आणि निसटलेली कळते का. 'आठवत नाही' असं उत्तर देऊ नका. सर लगेच कांद्याचा भाव विचारतील.