सोडाल तर खबरदार

जर्मनीत मासे पकडायचे तर आधी पास व्हावं लागतं. बव्हेरियात राहणाऱ्याला गळ टाकायची हौस आली, की किमान 30 तासांचा अभ्यासवर्ग, त्यानंतर 60 प्रश्नांची परीक्षा आणि त्यात 45 उत्तरं बरोबर. म्युनिकच्या आमच्या मराठी कंपूतल्या तिघांनी ती दिली. आयटीतली माणसं, प्रमाणपत्र मिळतंय म्हटल्यावर त्यांना राहवत नाही. पाण्यातला प्राणवायू कधी घटतो, कुठल्या माशाला किती जाड दोरी, सगळं मुखोद्गत. सर्वांत जास्त गुण पडले ते सदाशिव पेठेतल्या शाकाहारी मित्राला. पापलेट आणि हलवा शेजारी ठेवले तर त्याला ओळखता येणार नाहीत, पण ते प्रश्नपत्रिकेत नव्हतं.

नुसत्या परवान्यावर भागत नाही. पाणी कुणाच्या तरी मालकीचं असतं, त्याची वेगळी चिठ्ठी फाडायची. ती नसताना गळ टाकलात तर फौजदारी गुन्हा, 2 वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे नदीतली वाळू ट्रक भरभरून जाते, तरी एवढं मनाला कुणी लावून घेत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. 2002 साली जर्मनांनी प्राण्यांचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. कायदा सांगतो, सबळ कारण नसताना प्राण्याला वेदना देऊ नका. खाणं हे सबळ कारण. फोटो काढणं नव्हे. त्यामुळे मासा पकडून, त्याच्यासोबत दात काढून, त्याला परत पाण्यात सोडणारा इथे क्रूर ठरतो. आणि डोक्यात दंडुका घालून, आधी रीतसर बेशुद्ध करून, मग मारून, तळून खाणारा दयाळू. शाकाहारी मित्राची इथे पंचाईत झाली. खाणारच नाही तर पकडायला कारण काय? शेवटी 'बायको खाते' या कलमाखाली त्याला सोबत घेतलं.

तळ्यावर पोचल्यावर तिघांनी जाळी, पक्कड, सुरी, मोजपट्टी आणि दंडुका अशी मांडामांड केली. सत्यनारायणालाही एवढी तयारी लागत नाही. दोन तासांनी एक पाइक लागला. किमान लांबी 50 सेंटीमीटर. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोनदा मोजला, 47 भरला. "शेपूट जरा ताणली तर?" मी विचारलं. दादरला लाल सिग्नल हे केवळ सूचनावजा मानणाऱ्या आमच्या मालवणी मित्रानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसलो. पाइक पाण्यात गेला. लहान मासा ठेवणं गुन्हा.

मग आला कार्प, चांगला चार किलोचा. इकडे फ्रँकोनियात सप्टेंबर ते एप्रिल तो उभा चिरून, तळून बिअरसोबत आवडीनं खातात. पण मालवणी माणसाच्या लेखी गोड्या पाण्यातला मासा ही भाजीच. त्यात चिखलाचा वास आणि काटे असे, की जेवताना बोलायची सोय नाही. सोडावा म्हटलं तर मोठा मासा विनाकारण सोडणं हाही गुन्हा.

आता दंडुका कोण चालवणार? शिकले तिघेही होते. मालवणी मित्राला एकदम ऑफिसचा फोन आला. दुसरा पक्कड पुसत बसला. तेव्हा सदाशिव पेठ पुढे झाली. डोळ्यांच्या जरा मागे, एकच फटका, मग लगेच सुरी. पायऱ्या पुटपुटत त्यानं काम उरकलं आणि हात धुऊन डब्यातलं थालीपीठ काढलं.

रात्री तिरफळं घालून कालवण झालं. मित्रानं कौतुकानं मालवणला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"गाबोळी गावली काय रे?"

झालं. अंड्यावरचे मासे का मारू नयेत, यावर चिरंजीवांनी व्याख्यान सुरू केलं. महाराष्ट्रातही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, हेही तो आईला सांगू लागला. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग ताटाकडे पाहिलं.

"खावक गोड लागता?"

"नाही गं. चिखल लागतोय."

"मगे सोडूचो होतो मा."

"सोडायला बंदी आहे."

"मगे धरलंस कित्याक?"

"बघून सांगतो," म्हणत त्यानं फोन ठेवला आणि अभ्यासवर्गाचं पुस्तक काढलं.