शेवटच्या बॉससाठी राखीव

भोसरीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत जे काही लागतं, ते माझ्या खिडकीतून स्लिपवर सही घेऊनच बाहेर जातं. इंटरव्ह्यूत ‘या कामाचा अनुभव?’ असं विचारलं, तेव्हा कॉलेजातल्या प्रोजेक्टबद्दल काहीबाही ठोकून दिलं. खरा अनुभव ‘रेसिडेंट ईव्हिल ४’चा होता, पण तो बायोडेटात लिहायची सोय नव्हती.

२००५ साली आलेल्या या गेममध्ये लिऑन नावाचा अमेरिकन एजंट राष्ट्राध्यक्षांच्या पळवून नेलेल्या मुलीला सोडवायला स्पेनमधल्या एका खेड्यात जातो. गावकरी कुऱ्हाडी घेऊन अंगावर धावून येतात आणि हा गडी त्या धुमश्चक्रीत खेळ थांबवून बॅग लावत बसतो. बॅगेत चौकोन आखलेले असतात. बंदूक आडवी, औषधी पाला उभा, काडतुसांच्या डब्या कोपऱ्यात. वाटेत अंडी सापडली तर तीही ठेवायची, मासा सापडला तर तोही. मोठा मासा इतकी जागा खातो की बंदूक विकावी की मासा सोडावा, असा पेच पडतो. मी मासा ठेवायचो. आजोळ कोकणातलं, इलाज नाही. राष्ट्राध्यक्षांची लेक कुठे डांबून ठेवली आहे हे मला आज आठवत नाही, पण बॅगेत काय कुठे होतं ते झोपेतून उठवून विचारा.

त्यामुळे छोटा हत्ती भरायचा असला की मला बोलावणं येतं. पॅकिंगची मुलं खोकी जशी येतील तशी कोंबतात. मी आधी दोन मिनिटं नुसता बघतो. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह या संगणकतज्ज्ञाने टेट्रिस बनवलं, त्यात खालून चढत जाणारा ढीग छाताडावर येत असताना पुढच्या तुकड्याचा विचार करावा लागतो. ती सवय इथे कामी येते. फरक इतकाच, की टेट्रिसमध्ये ओळ पूर्ण भरली की ती अदृश्य होते. टेम्पोत ओळ पूर्ण भरली की ड्रायव्हर तंबाखू मळत म्हणतो, “साहेब, ते मागचं खोकं पहिलं उतरवायचंय बरं का, चाकणला.”

ऑफिसातल्या बाकीच्यांचा हिशेब मात्र कुठल्याच गेममध्ये बसत नाही. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले भराभर सरकू लागतात. ती कुणी मुद्दाम रचलेली युक्ती नव्हती. पडद्यावर कमी आकृत्या काढायच्या राहिल्या, की त्या यंत्राचा भार हलका व्हायचा आणि ते आपोआप वेग घ्यायचं. आमच्याकडे फायली जसजशा कमी होतात तसतसा माणसांचा वेग मंदावतो आणि शेवटची फाईल तर चहा पिऊन आल्याशिवाय हलतच नाही.

घरी माझी ख्याती जरा वेगळी आहे. बायको फोडणी टाकता टाकता कोथिंबीर आणायला पाठवते. खाली उतरलो की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नवा कागद दिसतो, तो वाचतो. वॉचमनच्या मुलाच्या सायकलची चेन उतरलेली असते, ती बसवून देतो. तो बदल्यात एक गोटी देतो, ती खिशात टाकतो, कारण पुढे कधी लागेल सांगता येत नाही. मग कोपऱ्यावरचं नवं दुकान आत जाऊन बघून येतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये राजकन्या झेल्डा १०० वर्षं एकटीने राक्षसाला थोपवून धरते आणि तिला सोडवायला निघालेला खेळाडू डोंगरात अळंबी गोळा करून रस्सा शिजवतो, त्याला कुणी काही बोलत नाही. गेममधल्या राजकन्यांना थांबायची सवय असते. फोडणीला नसते.

पण या छंदाचा माझ्यावर खरा ठसा उमटला आहे तो साठवण्याच्या बाबतीत. गेममध्ये मिळालेलं भारी औषध मी कधीच वापरत नाही. जीव कंठाशी आला तरी नाही. ते शेवटच्या बॉससाठी. शेवटचा बॉस येतो, मी साध्या पाल्यावर भागवून कसाबसा जिंकतो, नावांची यादी वर सरकू लागते आणि बॅगेत ती अमृताची बाटली सीलबंद असते. आईने लग्नातला कपबश्यांचा सेट शोकेसमध्ये असाच जपला आहे. तो बाहेर काढण्याच्या लायकीचा पाहुणा अजून आमच्या घरी यायचाय.

स्टोअरमध्येही सगळ्यात वरच्या रॅकवर एक परदेशी बनावटीचं बेअरिंग होतं. मेंटेनन्सवाले मागायला यायचे आणि मी त्यांना जुनं साफ करून लावायला सांगायचो. ते कशासाठी राखलंय, असं कुणी विचारलं तर मलाही धड सांगता आलं नसतं.

मग हाताखाली एक नवा मुलगा आला. तो बीजीएमआयच्या पंथातला. विमानातून १०० जण बेटावर उड्या मारतात, हाताला लागेल ते उचलतात, वापरतात, मरतात. पुढच्या डावात पुन्हा रिकामे हात. साठवण ही कल्पनाच त्या खेळाला ठाऊक नाही. एका रविवारी मी सुट्टीवर असताना मोठं मशीन बंद पडलं. पठ्ठ्याने शिडी लावली, बेअरिंग काढलं आणि देऊन टाकलं. चहा गार व्हायच्या आत मशीन सुरू.

सोमवारी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या. मग खिडकीशी बसून रिकाम्या रॅककडे पाहत खरेदीचा फॉर्म ओढला आणि तसलीच दोन बेअरिंगं मागवली. एक वापरायला. दुसरं कुठे ठेवलंय ते त्या मुलाला सांगणार नाही.