भिशीला कुलूप

आमच्या भिशीचा हिशेब इंटरनेटवर टाकायचं ठरलं, तेव्हा कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. धारणीत कोणाचा हप्ता थकला हे खजिनदाराआधी बसस्टँडवरच्या चहावाल्याला कळतं. पण आमच्याच तालुक्यातलं हरिसाल 2016 साली डिजिटल गाव म्हणून पेपरात झळकलं, तेव्हापासून तालुक्याच्या गावाला मागं राहणं जड जातं. 'दुसऱ्याचं दिसलं पाह्यजे, आपलं नाही दिसलं पाह्यजे,' एवढी एकच अट, तीही एकमतानं मंजूर.

सर्व्हर स्वस्तातला, म्हणजे सामायिक. एकाच मशीनवर शेकडो बिऱ्हाडं. अपाची सर्व्हरवर पानाला पासवर्ड लावायला दोन फायली लागतात. डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही पानाच्या फोल्डरात बसून येणाऱ्याला अडवते. पासवर्डांची दुसरी फाइल मात्र जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर ठेवायची. ती अपाचीला वाचता आलीच पाहिजे. आणि मालकानं बिऱ्हाडं नीट वेगळी केली नसतील तर शेजाऱ्यालाही येते. शिवाय पत्ता एचटीटीपीएसचा नसेल तर पासवर्ड वाटेनं जवळजवळ उघडाच जातो.

सामायिक मशीनचं हे दुखणं जुनंच. अमेरिकेतल्या एमआयटीत, सीटीएसएस नावाच्या यंत्रणेवर, 1966 साली दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. एमआयटीसुद्धा अशी, हे ऐकून आमच्या सभासदांना फार बरं वाटलं.

"कोरकू शब्द ठेव गा, कोणाले समजते?" एकानं पासवर्डासाठी सुचवलं. धारणीत न समजणारे आम्ही मोजकेच. त्यामुळे तो आम्हालाच एकेक अक्षर करून फोनवर सांगावा लागला. रेंज कमी, म्हणून ओरडून. भर चौकातून.

अपाचीच्या या पासवर्ड-पद्धतीत लॉगआउटचं बटणही नसतं. ब्राउझर बंद होईपर्यंत पासवर्ड त्याच्या ध्यानात राहतो. बहुतेक सभासद पान उघडतात सेतू केंद्रातल्या एकुलत्या संगणकावर, आणि तिथं ब्राउझर बंद करतो कोण? लाइन गेली की मगच तो विसरतो. हे कळल्यापासून खजिनदार हिशेब पाहून झाला तरी उठत नाहीत, लाइन जाईपर्यंत खुर्ची धरून बसतात. मागे सातबाऱ्यासाठी ताटकळलेली माणसं तोवर त्यांच्या खांद्यावरून थकबाकी वाचत वेळ काढतात.